बक्षिसाचा खड्डा

मित्रांनो, आपली कहाणी सांगणारी मंडळी सहसा काहीतरी असतात. कुणी जुनी छत्री असते, कुणी भिंतीवरचं घड्याळ, कुणी पारावरचं झाड. मी मात्र काहीच नाही. जिथे माती असायला हवी तिथे ती नाही, आणि त्या नसण्याला लोक माझं नाव घेऊन हाक मारतात. मी शेळगावच्या मळ्यातला एक जुना खताचा खड्डा आहे. नाक मुरडू नका. निदान गोष्ट संपेपर्यंत तरी.

इतरांना घडवतात, मला उकरलं. इंदापूर तालुक्यातलं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर बरंच आहे. तसल्या उन्हात दत्तोबा कुदळ मारत होता आणि त्याची बायको सिंधुबाई पाट्या भरून माती वर टाकत होती. त्यांची एकुलती एक पोर विजयमाला काठावर पाय सोडून बसली होती. मी तिच्या गळ्याइतका खोल झाल्यावर तिने आत उडी मारली आणि वर यायचं नाव घेईना.

"मी हितंच ऱ्हानार," ती म्हणाली.

"ऱ्हा की," दत्तोबा घाम पुसत म्हणाला. "उद्यापास्नं शेण टाकनार हाय, ते तुझ्या डोस्क्यावर टाकतो."

अशी माझी पहिली पाहुणी विजयमाला, घरातली माली. दुसऱ्या दिवसापासून मात्र शेण आलं ते आलंच.

माझ्या पोटात काय काय गेलं ते सांगतो. गोठ्यातलं शेण, बैलांच्या पायाखालचं ओलं गवत, उसाचं पाचट, चुलीतली राख, कडुलिंबाचा पाला. एक थर झाला की वर पाणी, मग दुसरा थर. काठोकाठ भरलो की सिंधुबाई मला शेणामातीने लिंपून टाकायची आणि जायची. मग माझं काम सुरू. पहिले काही दिवस अंगात नुसता ताप भरतो. वर हात ठेवला तर चटका बसेल असा. पुढे तो ताप उतरतो, आणि कुणाला न विचारता शेण शेण राहत नाही, पाचट पाचट राहत नाही. सगळं मिळून काळं, मोकळं, चहाच्या पुडीसारखं काहीतरी होतं. त्याला वास येतो तो ओल्या मातीचा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे एका साहेबाने माझ्यासमोर नाकाला रुमाल लावला आणि ते मला अजून लागून राहिलं आहे.

दत्तोबाचं लक्ष उसावर असे. माझ्या खताचा मोठा वाटा त्याच्या गाडीतून उसाच्या सरीत जायचा. पण वरच्या कोपऱ्यातलं सगळ्यात जुनं, सगळ्यात मऊ खत सिंधुबाईचं. ते रोपांसाठी. ती पाटी आणि चाळण घेऊन यायची, काठाशी वाकायची आणि आधी मला सांगायची, "न्हेते रं बाबा."

मित्रांनो, खड्ड्याला कोण विचारतं? तीच विचारायची.

खत चाळून, त्यात ओढ्याकाठची गाळाची माती आणि मूठभर लिंबोळीची पेंड मिसळून ती विहिरीजवळ उशीएवढ्या उंचीचा वाफा करी. बोटाने रेघा ओढायची, त्यात वांग्याचं, मिरचीचं, टमाटीचं बी सोडायची आणि वरून पुन्हा माझंच खत, पिठासारखं चाळलेलं. त्यावर पाचटाचं पांघरूण. पाणी हाताने शिंपडायचं, ओतायचं नाही. माली शेजारी बसून विचारायची, "आये, सरळ गोठ्यातलंच शेण का घालत न्हाईस? एवढा खटाटोप कशाला?"

"बी म्हंजे तान्हं पोर असतं, माले. त्याला भाकरी चारतीस का? पेज लागती. गोठ्यातलं शेण म्हंजे भाकरी. हे म्हंजे पेज."

मला कुणी पेज म्हटलेलं तेवढंच.

सिंधुबाईची रोपं लासुर्ण्यापर्यंत जायची. ती विकायची मात्र नाही. तिच्या सासूने विकली नव्हती म्हणून तीही विकत नव्हती. ज्याने रोपं नेली त्याने पहिल्या तोडणीची चार फळं वानवळा म्हणून आणून द्यायची, एवढाच व्यवहार. त्या वानवळ्यातलं एखादं वाकडं वांगं ती माझ्यात टाकायची. ज्याचं त्याला पोचलं म्हणून. आणि दिवाळीच्या पाडव्याला माझ्या काठावर एक पणती.

माली मोठी झाली आणि बावड्याला दिली गेली. हिंदुराव तिचे सासरे. उसाचं मोठं घर. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाच तिचा नवरा विषमज्वराने गेला. ती माहेरी आली तेव्हा सिंधुबाईने पाचट टाकण्याचं निमित्त करून माझ्या काठाशी येऊन रडून घेतलं. खड्डा असण्याचा हा एक फायदा आहे. आपल्यात काहीही टाकता येतं.

आता माझ्या कीर्तीचे दिवस सांगतो. ते थोडे होते आणि वाईट होते.

स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. गावोगाव विकासाची जीप फिरायला लागली होती. शेतकऱ्यांनी शेण उघड्यावर टाकू नये, खड्ड्यात कुजवावं, हे सांगायला ग्रामसेवक येऊ लागला. सांगणं चांगलंच होतं. पण नुसतं चांगलं सांगून लोक ऐकत नाहीत, म्हणून वरून खड्ड्यांची स्पर्धा निघाली. आषाढात काही साहेब आले. त्यांनी तालुक्यातले खड्डे बघितले. त्यातल्या एका साहेबाने माझ्याकडे वाकून नाकाला रुमाल लावला. त्याने लावला म्हणून बाकीच्यांनीही लावला. आणि रुमालाआडून मला पहिला नंबर दिला.

शाळेपुढे सभा झाली. दत्तोबाला खुर्ची मिळाली. मित्रांनो, हसू नका. त्या माणसाला आयुष्यात कुणी खुर्चीवर बसवलेलं नव्हतं. तो तिच्या टोकावर बसला, कारण मागे टेकायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला फ्रेममध्ये घातलेलं प्रशस्तिपत्र दिलं. मग सगळे वाजतगाजत मळ्यात आले आणि मला हार घालायचं ठरलं. खड्ड्याला गळा नसतो. बरीच चर्चा होऊन हार काठावर ठेवला. तो त्याच संध्याकाळी शेळीने खाल्ला.

सरपंच आबासाहेबांनी जाता जाता दत्तोबाच्या खांद्यावर हात ठेवला. "दत्तोबा, आता ह्यो खड्डा तुझा ऱ्हायला न्हाय. गावाचा झाला. जिल्ह्याच्या नंबरासाठी वरची समिती येनार हाय. तवर ह्याला हात लावायचा न्हाय. हाय असा दिसला पायजे."

"कवा येनार म्हनायची समिती?"

"आरं, समिती म्हंजे काय लगीन हाय व्हय, तिथी काढून यायला? येनार म्हंजे येनार."

दत्तोबाने माझ्या काठाला चुना दिला. दगडांची ओळ मांडली. इंदापुराहून 'पहिला नंबर' अशा अक्षरांची लाकडी पाटी रंगवून आणली. आंब्याचं तोरण बांधलं, ते वाळलं की नवं बांधलं. कोंबड्या उकरतील म्हणून भोवती बाभळीच्या फांद्या रोवल्या. येणारा-जाणारा थांबून बघायचा. मी तोंडापर्यंत भरलेला, लिंपलेला, चुना लावलेला. पोटात खत पिकून तयार, आणि वर पहारा.

नागपंचमीला माली आली. काठाशी बसली, पण बाभळीमुळे पाय सोडता येईनात. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळलेला होता.

"आये, मामंजींनी मला पाटाकडंचा तुकडा दिलाय. म्हनले, तुझ्या आईच्या रोपांचं लई नाव ऐकून हाय. लाव वांगी-टमाटी. पीक आलं तर तुकडा कायमचा तुझा, माळवं तुझं, बाजार तुझा. कुनाच्या ताटाकडं बघायला नगं."

"आन न्हाय आलं तर?"

"न्हाय आलं तर ऊस. मग मी हायेच खुरपायला, दिराच्या हाताखाली." ती हसली. "पर येनारच की. तुझी रोपं कवा मेल्यात का?"

"कवा पायजेत?"

"घटस्थापनेच्या आत. त्या येळला पाटाच्या पान्याची पाळी हाय. रोपं नसली तर मामंजी उसाचं बेणं लावून मोकळं व्हनार. पानी काय कुनासाठी थांबतंय?"

"भादव्यात वाफा टाकते," सिंधुबाई म्हणाली. "बिनघोर जा."

समिती श्रावणात आली नाही. भाद्रपद लागला. सिंधुबाईने रोज दत्तोबाला विचारलं, दत्तोबाने रोज आबासाहेबांना विचारलं, आणि आबासाहेबांनी रोज रस्त्याकडे बघितलं. शेवटी एका सकाळी ती पाटी, चाळण आणि खुरपं घेऊन आली. बाभळीची एक फांदी बाजूला सारली. हाताला काटा लागला, तो तिने दाताने काढला.

"न्हेते रं बाबा," ती हळू म्हणाली आणि कोपऱ्यातलं लिंपण फोडलं.

मित्रांनो, मी वाटच बघत होतो. पाटीभर खत तिच्या हाताला असं लागलं की जणू तेच वर आलं. तेवढ्यात दत्तोबा आला.

"आगं, काय केलंस ह्ये! खळगा पडला की!"

"खड्ड्याला खळगा पडला तर काय बिघडलं?"

"समिती येनार हाय!"

"मालीचा वाफा टाकायचाय. दोन पाट्या लागत्यात मला. दोनच."

"वरनं दिसतंय ते. आबासाहेब काल दोनदा येऊन बघून ग्येले. गावात काय तोंड दाखवू मी? गोठ्यात शेण काय कमी हाय?"

"ते कच्चं हाय. आवं, तान्ह्या पोराला..."

"एका सालानं काय हुतंय?" दत्तोबाचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "मला कवा कुनी इचारलं व्हतं का गं? आता इचारत्यात. एवढं साल जाऊ दी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. पण खुर्चीच्या टोकावर बसलेला तो माणूस तिनेही पाहिला होता. तिने पाटीतलं खत माझ्यात परत ओतलं. दत्तोबाने आपल्या हाताने खळगा लिंपला, वर चुन्याचा हात दिला.

माणसांकडून काढून घेतलं की त्यांना वाईट वाटतं म्हणतात. मला त्या दिवशी परत दिलं, आणि तेव्हापासून माझ्यात काहीतरी जड होऊन बसलं आहे.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचं खत केव्हाच उसात गेलं होतं. सिंधुबाईने गोठ्यातलंच शेण घेतलं. उन्हात वाळवलं, काठीने बडवलं, चाळलं, जितकी राख मिळाली तितकी मिसळली. ती बाई कच्च्याला पिकं करायला बघत होती. ते काम तिचं नव्हतं, माझं होतं. आणि मी पोटभर तयार खत घेऊन तिच्यासमोरच चुना लावून बसलो होतो.

बी उगवलं. पहिल्यांदा तर झकास, हिरवंगार. दत्तोबा वाफ्याशी उभा राहून म्हणाला, "बघ! उगं जिवाला घोर लावून घ्येतलास."

मग झिमझिम झाली, मागून ऊन पडलं, आणि वाफ्यातलं शेण तापलं. रोपांची मान जमिनीजवळ सुताएवढी बारीक झाली. एका सकाळी वाफ्यावरून कुणी हात फिरवून गेल्यासारखी रोपं आडवी. जी राहिली त्यांची मुळं हुमणीने खाल्ली. शेणाबरोबर तिची अंडी आली होती. पांढऱ्या, जाड, वाकड्या अळ्या. सिंधुबाई एकेक वेचून दगडाने ठेचत होती.

माली घटस्थापनेच्या आधी आली. डोक्यावर डालगं, त्यात ओलं पोतं अंथरलेलं. वाफा बघून तिने डालगं खाली ठेवलं. मग आईजवळ बसली.

"हायेत तेवढी दे," ती म्हणाली.

"माले, मी..."

"हायेत तेवढी दे, आये. पान्याची पाळी हाय."

अर्ध्या डालग्यालाही पुरली नाहीत. जाताना ती माझ्याजवळून गेली. पाटीवरची अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण तोरण दिसत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. मला तरी कुठे बोलता येत होतं?

तिने नेलेल्या रोपांनी बावड्यात मान टाकली. हिंदुराव वाईट नव्हते. वाईट असते तर गोष्ट सांगायला सोपी गेली असती. ते पाण्याच्या पाळीच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबले. म्हणाले, "पोरी, माजा काय इलाज न्हाय." आणि त्या तुकड्यात उसाचं बेणं लागलं.

दसरा झाला आणि समिती आली.

जीप थेट मळ्यात. आबासाहेब पुढे, दत्तोबा फेटा बांधून मागे, गाव बांधावर. एक वयस्कर साहेब खाली उतरले. त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही. ते खाली बसले, लिंपणाचा कोपरा काठीने उचकला, चिमूटभर खत हातावर घेतलं, बोटांनी कुस्करलं. "वा," ते म्हणाले. "सोनं आहे." मग वर बघून त्यांनी अगदी साधं विचारलं, "यातलं कुठल्या पिकाला घातलं? ते पीक बघू या."

आबासाहेबांनी दत्तोबाकडे बघितलं. दत्तोबाने बाभळीकडे.

मागून सिंधुबाईचा आवाज आला. चढा नव्हता. पाहुण्याला पाणी विचारावं तसा.

"कुनालाच न्हाय, साहेब. जपून ठिवलंय."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. "जपून?" ते म्हणाले. हातावरचं खत त्यांनी माझ्यात परत टाकलं. चहा घेतला. जीप गेली. नंबर आमचा नव्हता हे कुणाला कळवावं लागलं नाही.

लोक पांगले. दत्तोबाने फेटा सोडून बांधावर ठेवला. बाभळीच्या फांद्या नुसत्या हातांनी उपटल्या, तोरण ओढून काढलं, चुन्याचा काठ कुदळीने फोडला आणि गाडी लावली. दिवस मावळेपर्यंत तो मला उपसत होता. गाडी भरून झाल्यावर तसाच बैल जुंपून बावड्याला निघाला.

दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा सिंधुबाई माझ्या काठाशी बसली होती. त्याने बैल सोडले नाहीत. उभ्या उभ्याच सांगितलं.

"ऊस उगवलाय. बोटभर. माली त्यात खुरपत व्हती."

"काय म्हनाली?"

"मी म्हनलं, पोरी, खत आनलंय. तुझ्या आईचं. तर म्हनली..." दत्तोबाने जुवावर हात टेकला. "म्हनली, आनलंयसा तर टाका की, तात्या. ऊस बी रोपच हाय."

"मग?"

"टाकलं."

बैलांनी शेपट्या हलवल्या. मग सिंधुबाई उठली आणि तिने बैल सोडले.

त्या पाडव्याला तिने पणती काठावर ठेवली नाही. ती आत उतरली. उरलेलं खतही दत्तोबाच्या उसात गेलं होतं; मी रिकामा होतो. माली पहिल्यांदा उडी मारून उभी राहिली होती त्याच जागी तिने पणती लावली, वाऱ्याला हात आडवा धरून थांबली, आणि वर आली.

पुढच्या साली मी पुन्हा भरलो. दत्तोबाने बक्षिसाची पाटी गोठ्याच्या दाराला आडवी ठोकली; बैलांनी ती घासून पुसून टाकली. भाद्रपदात रोपांचं खत काढायला तो स्वतः यायचा. काठाशी उभा राहायचा, घसा खाकरायचा, आणि कुणी ऐकत नाही ना हे बघून पुटपुटायचा, "न्हेतो रं बाबा." सिंधुबाईची रोपं पुन्हा चांगली यायला लागली. लासुर्ण्याचे लोक पुन्हा न्यायला लागले. वानवळा येऊ लागला. बावड्याहून मात्र कधी आला नाही. तिथे तो यायला तुकडाच राहिला नव्हता. माली नागपंचमीला यायची. हाताला खुरप्याचे घट्टे पडले होते. काठावर बसायची, पण पाय आत सोडायची नाही. पाय दुमडून, पोक्त बाईसारखी बसायची. ती अजून पंचविशीचीही नव्हती.

आता त्यातलं कुणीच इथे नाही. विलायती खताची पोती आली, मग गोठा गेला, मग बैल गेले. माझ्यात फाटकी पोती आहेत, फुटके डबे आहेत, एक चप्पल आहे. या सगळ्याचं काय करायचं ते मला उमगत नाही. इतकी वर्षं ताप यायची वाट बघतोय, येत नाही. घरात ते प्रशस्तिपत्र मात्र अजून भिंतीवर आहे म्हणतात. काचही फुटलेली नाही. चांगलं जपलंय.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. तुमच्या घरात, शेतात, मनातही कुणीतरी तुमच्यासाठी काही पिकवून ठेवलं असेल. त्याला चुना लावू नका. त्याच्याभोवती बाभळ रोवू नका. वेळेवर काढा, हाताला लागू द्या, ज्याला हवं त्याच्या वाफ्यात घाला. मी खड्डा आहे. भरलेला बघून लोकांनी मला हार घातला, पण सुखी होतो तो मी रिकामा असताना.

कधी शेळगावला आलात तर विहिरीजवळ बघा. पोती तेवढी बाजूला काढा. चार पाट्या शेण टाका, पाचट टाका, वर पाणी मारा आणि धीर धरा. आणि न्यायला याल तेव्हा काठाशी जरा वाका. तीनच शब्द पुरतील. ते काय ते तुम्हाला आता ठाऊक आहे.